सात म्हणजे सात नव्हे

याकोबअण्णा साळवे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, पायांकडे आधी.

आम्ही श्रीरामपुरात या कॉलनीत राहायला आलो तेव्हाची गोष्ट. सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि मी भांड्यांचं पोतं कमरेवर घेऊन फाटकातून आत जात होते. शेजारच्या ओट्यावरून एक उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले आणि माझ्यासमोर येऊन मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, लाजाळू असतील बिचारे. थोडा वेळ तसेच उभे राहून ते म्हणाले, "सहा नंबर. पंजा रुंद हाय. आन् तुमी घातलाय पाच."

मी खाली बघितलं. चप्पल खरंच पाच नंबरची होती.

"करंगळीचा उभ्यानं प्रवास चाललाय," एवढं बोलून ते परत ओट्यावर जाऊन बसले.

आमचे हे आतून आले. "काय म्हणत होते?"

"माझा पंजा रुंद आहे म्हणाले."

ह्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याशी भांडण नको म्हणून मी ह्यांना दंडाला धरून आत नेलं. पुढं मी गुपचूप सहा नंबरची चप्पल आणली, आणि बाजारातून घरापर्यंत चालत येऊनही पाय दुखला नाही असं जन्मात पहिल्यांदा झालं. तेव्हापासून अण्णांचं आणि माझं जमलं. ह्यांचंही जमलं, पण ह्यांना अजून मधूनच तो पंजा आठवतो.

अण्णा एसटीतून निवृत्त झालेले. डेपोत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते लाऊडस्पीकरवर सांगायचे. अर्ध्या तालुक्याच्या कानात त्यांचा आवाज बसलेला आहे. भाजीबाजारात त्यांनी "वांगी कशी दिली?" असं विचारलं, की शेजारी उभ्या असलेल्या बायका दचकून आपापल्या पिशव्या उचलतात. नोकरी सुटली तरी गाडी डोक्यातून गेलेली नाही. त्यांच्या मते पाऊल म्हणजे एक एसटी आणि बोटं म्हणजे पाच प्रवासी.

"अंगठा म्हंजे आमदार," ते समजावून सांगतात. "त्याची शीट राखीव. फुडं नखभर मोकळी जागा पायजे म्हंजे पायजे. करंगळी ही म्हातारी बाई. तिला खिडकीला बसवा, पर रेटू नका. आन् टाच म्हंजे डायव्हर. डायव्हर शीटवरनं उठला की गाडी गेली नाल्यात."

हे ते कुणालाही सांगतात. दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला, वीजबिल द्यायला आलेल्याला. ऐकणारा "हो, हो" म्हणत पाय मागे घेत असतो आणि अण्णा वाकून ते पाय बघत पुढे येत असतात. असं करत करत एका विमा एजंटाला त्यांनी फाटकाबाहेर पोचवलं होतं. ह्यांच्या मते अण्णांचा कॉलनीला झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग.

बुटांच्या कंपन्यांची नावं अण्णा कधीच घेत नाहीत. नाव घेतलं की माणूस नावावर भाळतो आणि पायाचं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कंपन्यांना घरातली नाती लावून दिली आहेत. एक कंपनी म्हणजे 'सासूबाई'. पहिल्या दिवशी घट्ट, वर्षानंतरही घट्ट, आणि दोष आपल्या पायाचा. एक 'जाऊबाई'. पुढून मोकळीढाकळी, हसतमुख, पण मागून टाचेला चावणार. एक 'मामा'. ऐसपैस, कुणीही या, बसा. एक 'जावई' आहे, तो महाग आणि नाजूक, पावसात बाहेर काढायचा नाही. कॉलनीतली पोरं आता दुकानात जाऊन "मामाचे नवीन आलेत का?" असं विचारतात आणि दुकानदार चक्रावतो.

नंबर या गोष्टीवर अण्णांचा काडीचा विश्वास नाही. बुटाच्या जिभेमागं जी चिठ्ठी शिवलेली असते ती ते चष्मा लावून वाचून दाखवतात. इंग्लंडचा सात, अमेरिकेचा आठ, युरोपचा एक्केचाळीस, आणि खाली सेंटीमीटर वेगळेच.

"एका बुटाला चार नंबर," ते म्हणतात. "माणसानं चार नावं लावली तर पोलीस धरत्यात. आन् दुसऱ्या कंपनीचा सात घे, त्यो ह्याच्यापेक्षा बोटभर लहान निघंल. सात म्हंजे सात नव्हे, पोरांनो. ज्याचा त्याचा साचा असतो. ज्या घरी जायचं त्या घरचा सात."

हे वेड ते चर्चमध्येही घेऊन जातात. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी त्या बारांत अण्णांना बसवलं होतं. फादर गुडघ्यावर बसून त्यांच्या शेजारच्या माणसाचे पाय धुवत होते, सगळीकडे शांतता, आणि अण्णा त्या शांततेत फादरांकडे झुकून हळूच म्हणाले, "फादर, ह्याचा डावा उजव्यापेक्षा मोठा हाय. बूट घेताना डाव्याच्या मापानं घ्यायला सांगा." अण्णांचं 'हळूच' म्हणजे तीन फलाटांवर ऐकू जाणारं. पुढच्या वर्षापासून अण्णांना मागच्या बाकावर बसवतात. पण तो शेजारचा माणूस डाव्याच्या मापानं बूट घेतो आणि ज्याला त्याला सांगत सुटतो, हेही खरं.

तर असे आमचे शेजारी. हसायला बरे, असंच आम्ही धरून चाललो होतो. मग ऋतुजाच्या बुटांचं प्रकरण झालं.

ऋतुजा आमची मुलगी. बी.ए. झाली आणि पोलीस भरतीच्या मागं लागली. रोज सकाळी अकॅडमीच्या मुलींबरोबर मैदानावर पळायला जायची. तिनं मोबाईलवर पंधरा दिवस शोधून एक बूट मागवला होता. पांढरा, त्याला गुलाबी पट्टा, दिसायला इतका देखणा की पहिल्या दिवशी तिनं तो घरात उशाशी ठेवला. सुरुवातीला तिचं आठशे मीटरचं टायमिंग चांगलं होतं. मग ते घसरायला लागलं. अकॅडमीचे सर ओरडायला लागले. जेवताना बोलेनाशी झाली. मैदानावरून आली की न्हाणीघराचं दार लावून बसायची.

मला वाटलं, कुणीतरी मुलगा असणार. ह्यांना वाटलं, मोबाईल. अण्णांना वाटलं, डावा अंगठा.

एके दिवशी ती मैदानावरून परत येत होती. मी दारात तांदूळ निवडत होते. अण्णांनी ओट्यावरून हाक मारली, "पोरी, थांब."

"अण्णा, आंघोळ करायची आहे मला."

"डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय का?"

ती थांबली. "नाही."

"मग पायरी चढताना डावं पाऊल तिरपं का टाकतीस?"

"काही झालेलं नाही, अण्णा. माझाच दम कमी पडतोय. सरही तेच म्हणतात." एवढं बोलली आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. मी तांदळाचं ताट बाजूला ठेवून धावले. अण्णा मात्र तिच्याजवळ बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. मोजा काढला. अंगठ्याचं नख जांभळट काळं झालेलं, शेजारच्या बोटाला फोड आलेला.

"अगं, सांगायचं नाही का मला?" मी म्हणाले.

"काय सांगू? एवढ्या हौसेनं मीच निवडले. आणि सहाच नंबर आहे ना माझा. दहावीपासून सहाच घालते मी."

अण्णांनी बुटातली मऊ गादी बाहेर ओढून काढली आणि तिच्या पुढ्यात धरली. गादीवर बोटांचे ठसे उमटले होते. अंगठ्याचा ठसा पुढच्या कडेवर जाऊन अर्धा कापला गेला होता.

"ह्या सासूबाई," अण्णा म्हणाले. "ह्यांच्या घरचा सहा दुसरीकडं साडेपाचात बसंल. त्यात तू पळती. पळताना पाय फुगतो, फुडं सरकतो. आमदार पायरीवर लोंबकळतोय, पोरी. दम कुठनं ऱ्हाणार? तुझं ध्यान सगळं हितं," त्यांनी त्या काळ्या नखाला बोट न लावता ते दाखवलं.

"म्हणजे दम आहे माझ्यात?"

"ते मला काय म्हाईत? मी पायातला माणूस. पर आधी हे काढ, मग दम हाय का न्हाई ते कळंल."

मापाला अण्णा संध्याकाळी आले. सकाळी माप घेत नाहीत. सकाळचा पाय खोटं बोलतो, दिवसभर चालून तो खरा होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, ऋतुजाला त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं आणि पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढली. मग कागद दिव्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"सात," ते म्हणाले. "कंपनी बघून थोडा इकडं तिकडं."

"सात?" ऋतुजा म्हणाली. "अण्णा, सात म्हणजे काय. मुलीचा पाय आहे माझा."

"एवढा तर मलासुद्धा लागत नाही," हे पलंगावरून म्हणाले. "म्हणजे मला आठ लागतो, पण थोडक्यात."

"साडेसात," अण्णा मान वर न करता म्हणाले. "तुमचा बूट मागनं वाजतो." ह्यांनी पाय पांघरुणात ओढून घेतले.

ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख जवळ येत होती. श्रीरामपुरात अण्णांच्या मनासारखा माल मिळेना, म्हणून एका दुपारी आम्ही तिघं राहुरीमार्गे नगरला गेलो. अहिल्यानगर असं बसच्या पाटीवर आहे, पण अण्णा अजून नगरच म्हणतात. सावेडीत एक मोठं काचेचं दुकान आहे. आत गार वारा, भिंतभर बूट, आणि कंपनीचा शर्ट घातलेला एक तरुण विक्रेता.

"कोणती साईझ बघू?" त्यानं विचारलं.

"साईझ नको. बूट आण."

"काका, साईझ सांगितल्याशिवाय कसा आणणार?"

"सहापासनं आठपर्यंत समदे आण. अर्धे नंबर बी. बायकांचे आण आन् गड्यांचे बी आण."

"मॅडमसाठी लेडीज सेक्शन तिकडं आहे, काका."

"त्या पायाला काय ठाऊक आपण लेडीज हाय म्हणून?" अण्णा म्हणाले.

त्या मुलानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग खोकी यायला लागली. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले. बूट चढवला की अंगठ्यापुढची जागा दाबून बघायची, टाचेमागं बोट घालून बघायचं, नाडी सोडून परत बांधायची, मग ऋतुजाला म्हणायचं, "पळ." ती कपाटांच्या मधल्या वाटेनं पळत जायची आणि परत यायची. एकात टाच उचलायची. एकात पंजा आवळायचा. एक सगळीकडून बरा होता, पण अण्णा म्हणाले, "न्हाई. तिच्या तोंडाकडं बघ. अजून इचार करतीय."

हळूहळू दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं जमली. अण्णांनी एका अनोळखी गृहस्थांना त्यांच्या पायातला बूट काढायला लावला आणि दुसरा घालायला दिला. एका बाईंना सांगितलं की तुमचा मुलगा हट्टी नाही, त्याचा बूट जाऊबाईचा आहे. आवाज चढत गेला तसा मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. तो काही बोलणार तेवढ्यात ते अनोळखी गृहस्थ म्हणाले, "हाच द्या. आणि घरच्यांसाठी उद्या येतो, हे काका असतील ना?" मॅनेजरनं अण्णांसाठी खुर्ची मागवली. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत, पण खुर्ची आल्याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

शेवटी एक बूट निघाला. मामाच्या घरचा, पुरुषांचा सात. करडा रंग, बाजूला शेवाळी पट्टा. ऋतुजा तो घालून पळत गेली आणि कोपऱ्यावरून परत यायला हवी होती ती आलीच नाही. दुकानाला मागून फेरी मारून दुसऱ्या बाजूनं उगवली.

"हा," अण्णा म्हणाले. "आता इचार करत न्हाई."

ऋतुजानं आरशात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "पण अण्णा, हा अगदी गड्यांचा दिसतो. ग्राउंडवर सगळ्या मुली हसतील."

"हसत्याल," अण्णा म्हणाले. "तू फुडं असशील. तुला ऐकू येणार न्हाई."

बुटानं चमत्कार केला असं मी म्हणणार नाही. पहिले काही दिवस अण्णांनी तिला पळूच दिलं नाही. घरातच घालून फिरवलं, नाडी वरच्या भोकांतून कशी घ्यायची ते शिकवलं, नख बरं होऊ दिलं. मग ती मैदानावर गेली. टायमिंग आधी जिथं होतं तिथं परत आलं, आणि तिथून थोडं थोडं पुढं सरकलं. मोठी गोष्ट ही झाली की ती पुन्हा जेवताना बडबडायला लागली.

ग्राउंडच्या दिवशी अण्णा सकाळपासून ओट्यावर बसून होते. मी पोहे नेऊन दिले ते तसेच निवत राहिले. "गोळा कसा टाकती?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, बरा टाकते. "ते माझ्या हातात न्हाई," ते म्हणाले. दुपारी ऋतुजाचा फोन आला. ती पळण्यात तिच्या तुकडीत दुसरी आली होती. मी फोन अण्णांच्या हातात दिला. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला, "अंगठा?" तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. अण्णांनी फोन परत दिला आणि गार पोहे खायला घेतले.

पुढं लेखी परीक्षा झाली, यादी लागली आणि तिचं नाव त्यात होतं. तो रविवार होता. संध्याकाळी आम्ही मायलेकी पेढे घेऊन अण्णांकडे गेलो.

इतक्या वर्षांत आमच्या गप्पा ओट्यावरच व्हायच्या. त्यांच्या घरात आम्ही फारशा गेलो नव्हतो. बायको, मार्थाबाई, आम्ही इथं यायच्या आधीच वारल्या होत्या आणि मुलगा सुशील कॅनडात असतो, एवढंच ठाऊक होतं. दार अर्धं उघडं होतं. अण्णा खुर्चीवर बसले होते. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि अण्णांनी एक पाय उचलून मोबाईलसमोर धरला होता. पायात कोरा करकरीत निळा बूट. कोपऱ्यात तशाच बुटांच्या खोक्यांची चळत.

"नीट सांगा ना, पप्पा," मोबाईलमधून आवाज आला. "अंगठ्याला लागतोय की बाजूला?"

"बाजूला," अण्णा म्हणाले. "न्हाई, अंगठ्याला वाटतं. मला काय ते कळंना बघ."

मी आणि ऋतुजा दारातच थांबलो. फाटकाबाहेरून चालणाऱ्या माणसाचं नख ओळखणारे अण्णा बूट घालून बसले होते आणि त्यांना कळत नव्हतं.

"पप्पा, मी मागंही सांगितलं होतं. प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा येतो. अमेरिकेचा नऊ म्हणजे आपल्याकडचा आठ धरायचा. त्यातही ही कंपनी जरा लहानच येते."

"असं व्हय? मला आपलं वाटलं, नऊ म्हंजे नऊच."

"नाही हो. आणि पाय कधी मोजलात? सकाळी? संध्याकाळी मोजायचा. दिवसभरात पाय फुगतो."

"फुगतो?" अण्णांनी नवल केलं. "तुला कुणी सांगितलं हे?"

मग सुशीलनं सगळं नीट समजावून सांगितलं. अण्णा पहिलीतल्या पोरासारखे मान हलवत होते. बुटावरून गोष्ट तिकडच्या बर्फावर गेली, बर्फावरून सुशील परवा घसरून पडला त्यावर, त्यावरून नातवावर. नातवाचा पाय वाढतोय, बूट दोन महिन्यांत लहान होतात, आणि पंजा थेट आजोबांसारखा रुंद आहे. "दाखव," अण्णा म्हणाले. तिकडं कुणीतरी लहान पाऊल कॅमेऱ्यासमोर धरलं असावं. अण्णा पुढं वाकले आणि बघत राहिले. नंबर काही बोलले नाहीत.

फोन संपल्यावर त्यांना आम्ही दिसलो.

ऋतुजा आत गेली. पेढ्यांचा डबा हातातच होता. तिनं अण्णांच्या पायाकडे बघितलं, वाकून अंगठ्यापुढची जागा दाबली, टाचेमागं बोट घालून बघितलं. आता तिलाही ते येतं.

"अण्णा, हा तुम्हाला एकदम मापात बसतोय."

"व्हय," अण्णा म्हणाले. "पार्सल आलं तवाच बसला."

"मग?"

अण्णा नाडी सोडायला लागले. "ही होती तवा फोन हिलाच यायचा," ते म्हणाले. "मायलेकरं तासतास बोलायची. माझ्या वाट्याला 'पप्पा बरे हायेत का' आन् 'बरे हायेत'. ती गेली आन् फोन माझ्या हातात आला. त्यो इचारायचा, 'जेवलात का?' मी म्हणायचो, 'जेवलो.' मग त्यो बी गप, मी बी गप. सारी नोकरी बोलण्यात गेली माझी, पर पोराशी काय बोलावं ते सुचायचं न्हाई. त्याला बी सुचत नसणार. मग त्यानं एकदा बूट धाडला. त्यो खरंच घट्ट निघाला. मी म्हणलं, घट्ट हाय रे. तर त्या दिवशी लई येळ बोलला. समजावून सांगितलं, पाय मोजायला लावला, दोन दिसांनी परत फोन केला. म्हणून मग मी बी दुकानांत जाऊन बघाया लागलो, लोकांचे पाय बघाया लागलो. इचारायला कायतरी पायजे ना हाताशी." त्यांनी बूट काढून जोडीनं खाली ठेवला. "बसतोय म्हणलं तर 'बरं झालं' म्हणतो आन् ठिवून देतो."

मग अण्णांनी डब्यातला पेढा घेतला, ऋतुजाच्या तोंडात अर्धा घातला आणि म्हणाले, "साहेबीणबाई, आता सरकारी बूट मिळंल. त्यो कुणाचाच सगा न्हाई. त्याला जपून ऱ्हा."

ऋतुजा ट्रेनिंगला गेली. घर रिकामं वाटायला लागलं. मुलींना रविवारी फोन करू देतात. पहिल्या रविवारी तिचा फोन आला. जेवण बरं आहे, पहाटे उठवतात, खोलीतल्या मुली चांगल्या आहेत, ठेवते. ह्यांना तर "पप्पा, तब्येत सांभाळा" एवढंच मिळालं. मी जरा हिरमुसून भांडी घासायला घेतली, तर शेजारच्या ओट्यावर अण्णांचा फोन वाजला.

"टाचेला? का घोट्याच्या वर?" अण्णांचा आवाज माझ्या मोरीपर्यंत येत होता. "न्हाई, न्हाई, तसं न्हाई. बस आधी खाली. नाडी सोड. आता सांग." मग बराच वेळ ते ऐकत होते, मधेच हसत होते, कवायत घेणाऱ्या कुणा बाईंची काहीतरी गोष्ट चालली होती, मग परत टाच.

माझ्या जिवाला घोर लागला. काळं नख डोळ्यांपुढे आलं. फोन संपल्यासारखा वाटला तशी मी ओल्या हातांनीच बाहेर गेले.

"अण्णा, काय झालं? बूट लागतोय का तिला?"

"टाचेला लागतोय म्हणती. जरा गुंतागुंतीचं हाय. फुडच्या रविवारी परत फोन करणार हाय, तवा बघू."

"पुढच्या रविवारपर्यंत कशाला थांबायचं? ह्यांना सांगते, तिथं कुणाला तरी विचारून बदलून मिळतो का ते..."

"शोभा, बस हितं," अण्णा म्हणाले. त्यांनी मोबाईलची काच सदऱ्याला पुसली आणि मोबाईल खिशात ठेवला. "कुणाला काय इचारू नको. बूट बसलाय तिला. टाच लागलेलं माणूस येवढं हसत न्हाई."

"मग ती असं का म्हणाली?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे.

"तिला बोलू नको मला कळलं म्हणून," ते म्हणाले.